पाटीवर अक्षरे वाढली, पगार किती वाढला?

मुंबई : बीडीएसची चार वर्षे आणि त्यापुढची एक वर्षाची इंटर्नशिप संपत आली, की दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते. आता पुढे काय? राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करून कुणाच्या तरी दवाखान्यात कामाला लागायचे, कर्ज काढून स्वतःचा दवाखाना थाटायचा, की आणखी तीन वर्षे घालून एमडीएस व्हायचे? वडिलांचे मत बहुधा ठरलेले असते. ‘नुसत्या बीडीएसला हल्ली कोण विचारतो?’ शेजारच्या काकांच्या मुलीने एमडीएसला प्रवेश घेतलेला असतो. नीट-एमडीएसच्या शिकवणीवर्गाचे माहितीपत्रकही एव्हाना घरात येऊन पडलेले असते. प्रश्न वरवर शिक्षणाचा दिसत असला, तरी त्यामागचा हिशेब पैशाचा असतो आणि तो अनेकदा मांडलाच जात नाही.

एक पदवी अधिक असली तर नव्या दंतवैद्याचा पहिला पगार वाढतो का, या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की वाढतो, पण बहुतेक घरांनी गृहीत धरलेला असतो त्याहून पुष्कळच कमी. जिथे तो खरोखर वाढतो तिथेही केवळ पाटीवरच्या अक्षरांमुळे वाढत नाही. त्या पदवीने एखादे असे काम हाती येते की जे त्याशिवाय मिळालेच नसते, किंवा एखाद्या नियमाने ते पद त्या पदवीसाठी राखून ठेवलेले असते. या दोहोंपैकी एकही गोष्ट नसेल, तर तीन वर्षे अधिक शिकलेला आणि तीन वर्षे आधी कामाला लागलेला असे दोघे जवळपास एकाच पगारावर शेजारी शेजारी उभे राहिलेले दिसतात.

हे असे का, हे समजण्यासाठी आधी संख्या पाहायला हवी. देशात आज तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. बीडीएसच्या जागा २७ ते २८ हजारांच्या घरात आहेत, तर एमडीएसच्या सात हजारांच्या आसपास. म्हणजे स्थूलमानाने दर चार पदवीधरांमागे एक पदव्युत्तर जागा. एके काळी शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके एमडीएस असत आणि त्यांच्या नावाला त्यामुळेच वजन होते. ते दिवस मागे पडले. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये व मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय सोडले, तर बाकीच्या बहुतेक जागा खासगी संस्थांत किंवा अभिमत विद्यापीठांत आहेत. तिथल्या शुल्काचा आकडा आणि बाहेर पडल्यावर मिळणाऱ्या पहिल्या पगाराचा आकडा यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हीच या विषयातील खरी अडचण आहे.

दवाखान्याचे अर्थकारण

नव्या दंतवैद्याची पहिली नोकरी बहुतेक वेळा खासगी दवाखान्यात असते. एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांचा एक-दोन खुर्च्यांचा दवाखाना, नाहीतर शहरभर शाखा असलेली साखळी. तिथे नवागताच्या वाट्याला येणारी कामे ठरलेली असतात. रुग्णाची तपासणी करायची, एक्स-रे काढायचा, दात स्वच्छ करायचे, किडलेल्या दातात सिमेंट भरायचे, साधे दात काढायचे आणि मोठे डॉक्टर येईपर्यंत रुग्णाला धीर द्यायचा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही या कामासाठी साधारण पंधरा ते पंचवीस हजार रुपये महिना दिला जातो. पाच वर्षे शिकून मिळणारा हा पगार ऐकून घरच्यांना धक्का बसतो. मालकाच्या बाजूने पाहिले तर मात्र त्यामागचे गणित सरळ आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ खुर्चीशी उभा राहणारा एक भरवशाचा हात हवा असतो. तो हात बीडीएसचा आहे की एमडीएसचा, याने वरील कामांची फी बदलत नाही.

फी बदलत नाही, याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे दातांच्या उपचाराचा खर्च रुग्ण बहुतांशी स्वतःच्या खिशातून करतो. नेहमीच्या आरोग्य विम्यात अपघात वगळता दातांचे उपचार सहसा येत नाहीत. त्यामुळे रुग्ण दवाखान्यात शिरतो तो पाटीवरची अक्षरे मोजत नाही. दाढ काढायला किती आणि रूट कॅनॉलला किती, एवढेच विचारतो आणि पलीकडच्या गल्लीतील दराशी ताडून पाहतो. शिवाय रूट कॅनॉल किंवा कॅप बसवण्यास बीडीएसला कायद्याने मज्जाव नाही. नोंदणीकृत बीडीएस ही सर्व कामे करू शकतो आणि हजारो दवाखान्यांत तो ती रोज करतही असतो. एमडीएसची पदवी म्हणजे या कामांचा परवाना नव्हे. अवघड काम नीट आणि कमी वेळात करणारा हात तयार झाला आहे, याची ती खूण आहे आणि बाजारात त्या हाताला भाव आहे.

म्हणूनच एमडीएस झालेल्याला पूर्णवेळ पगारावर ठेवण्याऐवजी दवाखान्यांचे मालक त्याला ‘व्हिजिटिंग कन्सल्टंट’ म्हणून बोलावणे पसंत करतात. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी यायचे, त्या दिवसासाठी ठेवलेली दोन-तीन अवघड कामे करायची आणि फीतला ठरलेला वाटा घेऊन जायचे, अशी ही पद्धत. वाटा कुठे ठरावीक रकमेचा असतो, कुठे चाळीस-पन्नास टक्के. ऐकायला हे उत्पन्न चांगले वाटते आणि पाच-सात वर्षांनी ते खरोखरच चांगले होते. पहिल्या वर्षाचे चित्र मात्र निराळे असते.

समजा, रूट कॅनॉलची फी पाच हजार रुपये आहे आणि त्यातले दोन हजार कन्सल्टंटला मिळतात. नव्याने एमडीएस झालेल्याला सुरुवातीला दोन दवाखाने मिळाले आणि आठवड्याला तीन केसेस आल्या, तर महिन्याला बारा-तेरा केसेसचे पंचवीस हजारांच्या आसपास हाती येतात. यातून अजून खर्च वजा व्हायचा आहे. अनेक ठिकाणी कन्सल्टंटने स्वतःचे मोटर, दाताच्या मुळाची लांबी मोजणारे यंत्र आणि फाइल्स घेऊन यावे, अशी अपेक्षा असते. मुळातल्या नळ्या साफ करणाऱ्या या बारीक सुया ठरावीक वापरानंतर टाकून द्याव्या लागतात. एखादी आतच तुटली, तर पैशाबरोबर झोपही जाते. ठाण्याहून दादर आणि दादरहून वाशी असा लोकलचा प्रवास वेगळाच. रुग्ण आला नाही तर त्या दिवसाचे काहीच मिळत नाही. पहिल्या वर्षी हातात उरणारी रक्कम पाहिली, की बीडीएसच्या बंधा पगाराशी तिची तुलना करावी की नाही, असाच प्रश्न पडतो.

शाखेनुसार यात मोठा फरक पडतो, आणि प्रवेश घेताना हाच मुद्दा सर्वांत कमी विचारात घेतला जातो. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिक्स, रूट कॅनॉलचे एंडोडॉन्टिक्स, जबड्याची शस्त्रक्रिया, कृत्रिम दात आणि कवळ्यांचे प्रोस्थोडॉन्टिक्स, हिरड्यांचे आणि लहान मुलांच्या दातांचे विभाग या शाखांना दवाखान्यांतून बोलावणे येते. तारा लावण्याचे काम दीड-दोन वर्षे चालत असल्याने ऑर्थोडॉन्टिस्टला तोच रुग्ण दर महिन्याला पाहावा लागतो, म्हणून त्याचे उत्पन्न सावकाश पण नियमित वाढते. जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयांशी संबंध लागतात. तिथे अपघाताचे रुग्ण येतात आणि फोन रात्री दोन वाजताही वाजतो. मुखरोगनिदान व क्ष-किरणशास्त्राच्या पदवीधरांना स्कॅन सेंटरमध्ये अहवाल देण्याचे काम मिळू लागले आहे. ओरल पॅथॉलॉजी आणि सार्वजनिक आरोग्य दंतवैद्यक या दोन शाखांना मात्र खासगी दवाखाना सहसा बोलावत नाही. त्यांचा पहिला पगार बव्हंशी महाविद्यालयातील नोकरीवर अवलंबून असतो. तीन वर्षांनंतर दवाखान्यात काम करायचे ठरवलेच, तर त्यांना बीडीएसचीच कामे बीडीएसच्याच पगारावर करावी लागतात. प्रवेशाच्या प्रत्येक हंगामात याच शाखांच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या दिसतात, त्यामागे हे व्यवहारज्ञान आहे.

कन्सल्टंटचे उत्पन्न पदवीपेक्षाही ओळखींवर उभे असते. कोणत्या भागातील कोणता डॉक्टर आपल्याला केस पाठवतो, हे जाळे विणायला चार-पाच वर्षे लागतात आणि ते गाव बदलल्यावर बरोबर नेता येत नाही. बीडीएसच्या वर्गांत आज मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक असते. एमडीएस पूर्ण होते ते वय सव्वीस-सत्तावीस, म्हणजे नेमके लग्नाच्या बोलण्यांचे. नाशिकमध्ये जम बसू लागलेली डॉक्टर लग्नानंतर पुण्याला गेली, तर पदवी तीच राहते, पण फोन वाजायचा थांबतो आणि शून्यापासून सुरुवात होते. विवाहविषयक जाहिरातींत ‘एमडीएस’ या तीन अक्षरांना चांगला मान आहे. त्या अक्षरांच्या मागे असलेल्या व्यवसायाचे स्थलांतरानंतर काय होणार, याची चौकशी करणारी स्थळे मात्र विरळाच.

दोन मैत्रिणींचा हिशेब

आकडे मांडल्याशिवाय हा विषय कळत नाही. म्हणून एकाच वर्गातल्या दोन काल्पनिक मैत्रिणींचे उदाहरण घेऊ. पहिली बीडीएसनंतर लगेच वीस हजारांवर कामाला लागली. तीन वर्षांत तिने सात लाख वीस हजार रुपये मिळवले आणि हात चालू लागल्यावर तिचा पगार २८ हजार झाला. दुसरीने खासगी महाविद्यालयात वर्षाला आठ लाख शुल्क भरून एमडीएस केले. तीन वर्षांचे २४ लाख झाले. त्यांपैकी २० लाख बँकेचे कर्ज. बाहेर पडताच तिला ४३ हजार मिळू लागले, म्हणजे मैत्रिणीपेक्षा तब्बल १५ हजार अधिक. घरी पेढे वाटण्यासारखीच ही गोष्ट.

आता हप्त्याकडे वळू. २० लाखांचे कर्ज दहा टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे २६ हजार ४०० रुपये होतो. शिकत असतानाच्या काळातील व्याज मुदलात मिळवले तर त्याहूनही अधिक. हप्ता गेल्यावर दुसरीच्या हातात १६ हजार ६०० रुपये राहतात आणि पहिलीच्या हातात २८ हजार. पगारपत्रकावर पुढे असलेली मैत्रीण बँकेच्या पासबुकात मागे पडते. दुसरीने भरलेले शुल्क आणि तीन वर्षे न मिळवलेला पगार यांची बेरीज ३१ लाख २० हजार होते. दरमहा १५ हजारांच्या फरकाने ती भरून यायला, व्याज धरले नाही तरी, १७ वर्षांहून अधिक काळ लागतो. फरक ४० हजारांचा असेल तर हेच काम साडेसहा वर्षांत होते. म्हणजे पहिला पगार किती, यापेक्षा पाचव्या-सहाव्या वर्षी फरक किती होणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो आणि त्याचे उत्तर शाखा, शहर व हाताचे कसब यांवर अवलंबून असते.

हाच हिशेब शासकीय महाविद्यालयातील जागेसाठी मांडला, तर चित्र पूर्ण पालटते. तिथे शुल्क तुलनेने अल्प असते आणि तीन वर्षे विद्यावेतन मिळते. गमावलेला पगार बऱ्याच अंशी तिथेच भरून निघतो आणि त्यानंतर पगारात पडलेला थोडासा फरकही निव्वळ फायद्याचा असतो. शिवाय ओपीडीत रुग्णांची रांग असल्याने हात भरपूर चालतो. खासगी महाविद्यालयांत विद्यावेतनाचा अनुभव सर्वत्र सारखा नाही. काही ठिकाणी रुग्णसंख्याही बेताचीच असते. एकच पदवी, पण एकीची किंमत काही हजारांत आणि दुसरीची काही लाखांत. नोकरी देणारा मात्र दोघींना एकच पगार सांगतो. त्याने शुल्काची पावती पाहावी, अशी अपेक्षाही करता येत नाही.

आणखी एक तपशील पालकांनी लक्षात घ्यावा असा आहे. शैक्षणिक कर्जाची रक्कम साडेसात लाखांवर गेली, की बँका बहुतेक वेळा तारण मागतात. मध्यमवर्गीय घरात ते तारण म्हणजे राहता फ्लॅट असतो. पदवीचा हिशेब चुकला तर त्याचा भार एकट्या डॉक्टरवर न राहता घरावर येतो.

सरकारी नोकरीत पदाला पगार

सरकारी नोकरीत पगार पदाला जोडलेला असतो, माणसाच्या पदव्यांना नव्हे. जाहिरातीत किमान पात्रता बीडीएस अशी असेल, तर एमडीएस झालेल्या उमेदवारालाही त्याच वेतनश्रेणीत यावे लागते. कर्मचारी राज्य विमा महामंडळातील दंत शल्यचिकित्सकाचे पद सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात दहाव्या स्तरावर, म्हणजे ५६ हजार १०० रुपये मूळ वेतनावर सुरू होते. त्यावर खासगी व्यवसाय न करण्याबद्दलचा भत्ता आणि महागाई भत्ता. खासगी दवाखान्यातील पंधरा-वीस हजारांशी तुलना केली तर हा आकडा मोठा आहे आणि तो बीडीएसला खुला आहे. अडचण एवढीच, की या जागा थोड्या निघतात आणि अर्जांचा ढीग पडतो. अशा गर्दीत एमडीएसचा उपयोग पगार वाढवण्यासाठी न होता निवडीत पुढे सरकण्यासाठी होऊ शकतो.

लष्कराच्या दंत विभागातही असेच आहे. तिथे लघु सेवा आयोगाखाली निवड झालेल्या बीडीएस उमेदवाराला कॅप्टनचा हुद्दा मिळतो आणि एमडीएस उमेदवारालाही सुरुवातीचा हुद्दा तोच. सातव्या वेतन आयोगानुसार कॅप्टनचे मूळ वेतन ६१ हजार ३०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर १५ हजार ५०० रुपये सैनिकी सेवा वेतन मिळते. यातली गंमत अशी, की या भरतीसाठी अलीकडच्या वर्षांत नीट-एमडीएसचे गुण मागितले जातात. म्हणजे परीक्षा एमडीएसची द्यायची, पण एमडीएस न करता त्या गुणांच्या आधारे नोकरी मिळवायची, असा एक मार्ग उघडला आहे. शिकवणीवर्गांच्या माहितीपत्रकांत याला फारशी जागा मिळत नाही.

जिथे नियमच पदवी मागतो

एमडीएसशिवाय ज्या दारातून आत जाताच येत नाही, असे ठिकाण म्हणजे दंत महाविद्यालयातील अध्यापन. बीडीएस तिथे ट्यूटर होऊ शकतो. व्याख्याता आणि त्यावरच्या प्रपाठक, प्राध्यापक या पदांसाठी मात्र एमडीएस अनिवार्य आहे. इथे पदवीचा पगारावरील परिणाम थेट आणि नियमाने ठरलेला आहे. सन २००० नंतरच्या दशकात देशात नवी दंत महाविद्यालये वेगाने निघत होती तेव्हा शिक्षकांची चणचण होती आणि एमडीएस झालेल्याला नोकरी शोधावी लागत नसे. तो वेग ओसरला. अनेक खासगी महाविद्यालयांत बीडीएसच्या जागाच पूर्ण भरत नाहीत आणि विद्यार्थी कमी तेथे शिक्षकांची नवी पदे निघण्याचा प्रश्नच येत नाही. आधीच्या पिढीतले शिक्षक अजून निवृत्त झालेले नाहीत. वर उल्लेखिलेल्या दोन बिनदवाखान्याच्या शाखांची कोंडी झाली आहे ती इथेच.

पीएच.डी.बाबत तर थोडक्यातच सांगता येईल. संशोधनाची आवड असणाऱ्यासाठी ती मोलाची आहे, पुढे बढतीच्या वेळी तिचा उपयोग होतो. खुर्चीशी उभ्या राहणाऱ्या नव्या दंतवैद्याच्या पहिल्या पगारात तिच्यामुळे काही भर पडत नाही.

शनिवार-रविवारच्या ‘पदव्या’

एमडीएसला प्रवेश मिळाला नाही, किंवा परवडला नाही, की दुसरी वाट दिसते ती छोट्या अभ्यासक्रमांची. इम्प्लांट, लेसर, सौंदर्य दंतचिकित्सा, फिरत्या फाइल्सचे रूट कॅनॉल. दोन दिवसांच्या कार्यशाळेपासून वर्षभराच्या ‘फेलोशिप’पर्यंत सर्व काही उपलब्ध आहे. पंचतारांकित हॉटेलच्या सभागृहात प्रमाणपत्रे वाटली जातात आणि नावापुढे इंग्रजी अक्षरांची एक ओळ वाढते. यांतील सर्वांनाच नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या अभ्यासक्रमात उमेदवार स्वतः, शिक्षकाच्या देखरेखीखाली, खऱ्या रुग्णांवर काम करतो, त्यातून शिकलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात उपयोगी पडते आणि मालकाला ती दिसते. टक्केवारीवर काम करणाऱ्यासाठी असा एखादा अभ्यासक्रम पगारात एमडीएसइतकाच, कधी अधिकही, फरक पाडतो, कारण त्यासाठी तीन वर्षे थांबावे लागत नाही.

पण प्लास्टिकच्या जबड्यावर स्क्रू बसवून मिळालेल्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात किंमत नाही. शिवाय मान्यताप्राप्त अतिरिक्त पदवी राज्य परिषदेकडे नोंदवता येते, तशी ही प्रमाणपत्रे नोंदवता येत नाहीत आणि ती मिरवून स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेणे व्यावसायिक आचारसंहितेत बसत नाही. पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारणे पुरेसे असते. या अभ्यासक्रमाची नोंदणी परिषदेकडे होईल का, आणि मला स्वतःच्या हाताने किती रुग्णांवर काम करायला मिळेल? दुसऱ्या प्रश्नाला आकडा न सांगता उत्तर मिळाले, तर उत्तर मिळाले असेच समजावे.

खुर्ची सोडून कार्यालयात

काही पदवीधर दातांपासूनच दूर जातात. रुग्णालय व्यवस्थापन किंवा सार्वजनिक आरोग्य या विषयांतील पदव्युत्तर अभ्यासक्रम बीडीएसला खुले आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही ते चालतात. रुग्णालयांचे प्रशासन, विमा कंपन्यांतील दाव्यांची छाननी, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, वैद्यकीय लेखन अशा ठिकाणी हे पदवीधर दिसू लागले आहेत. इथला सुरुवातीचा पगार दवाखान्यातील पगारापेक्षा सहसा बरा असतो, वेळ ठरलेली असते आणि भविष्य निर्वाह निधीही कापला जातो. मात्र हा पगार दंतवैद्याला मिळत नाही, व्यवस्थापकाला मिळतो. तीच व्यक्ती एमबीए करून पुन्हा दवाखान्याच्या खुर्चीशी गेली, तर मालक त्या पदवीसाठी एक रुपयाही अधिक देत नाही. पुढे स्वतःचे दोन-तीन दवाखाने चालवायचे असतील तर तिचा उपयोग आहे, पण ती गोष्ट पहिल्या पगाराच्या पलीकडची.

परदेशी जाऊ पाहणाऱ्यांनाही असाच अनुभव येतो. भारतातून अनेक बीडीएस पदवीधर सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीसाठी अमेरिकेत जातात. या पदवीने तिथे दंतवैद्य म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी बहुतेकांना तिथल्या दंत महाविद्यालयात दोन-तीन वर्षांचा विशेष अभ्यासक्रम पुन्हा करून डीडीएस किंवा डीएमडी ही पदवी घ्यावी लागते. नावे दोन असली तरी या दोन्ही पदव्या एकच. सार्वजनिक आरोग्याची पदवी या प्रवेशासाठी अर्ज भक्कम करते, राहण्याची आणि ओळखींची सोय करते, एवढा तिचा उपयोग मान्य करायला हवा. खासगी दवाखान्यात नवा दंतवैद्य म्हणून रुजू होताना मात्र तिथेही मालक दिवसाची हमी किंवा कामाच्या वसुलीवरील टक्केवारी देतो आणि तो दर जोडपदवीमुळे वाढत नाही. विद्यापीठे, सरकारी आरोग्य खाती व संशोधन संस्था यांत ती मोजली जाते. अमेरिकेतल्या दंत महाविद्यालयांच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये कर्ज घेऊन शिकलेल्या नव्या दंतवैद्यांवरील सरासरी शैक्षणिक कर्ज तीन लाख डॉलरच्या जवळ होते. तेव्हा ‘आणखी एक पदवी घेऊन ठेवू’ हा सल्ला तिथे डॉलरमध्ये महाग पडतो.

दोन दिवसांत घ्यायचा निर्णय

एवढा सगळा विचार करायला पाच वर्षांचा अवधी असतो, पण प्रत्यक्षात निर्णय होतो तो प्रवेश फेऱ्यांच्या धावपळीत. रिकाम्या राहणाऱ्या जागा भरण्यासाठी नीट-एमडीएसचे पात्रता पर्सेंटाइल २०२२ आणि २०२४ मध्ये खाली आणावे लागले. अशा वेळी आधी अपात्र ठरलेल्या उमेदवाराला अचानक ‘तुम्हाला जागा मिळू शकते’ असा निरोप येतो. शासकीय महाविद्यालये तोवर भरून गेलेली असतात. हवी ती शाखाही गेलेली असते. उरलेली असते ती खासगी महाविद्यालयातील महागडी जागा आणि बहुधा अशी शाखा, की जिचा विचार उमेदवाराने त्या दिवसापर्यंत केलेला नसतो. अखिल भारतीय कोट्याच्या शेवटच्या फेरीत जागा मिळूनही रुजू न होणाऱ्याची अनामत रक्कम जप्त होते, म्हणून नाही म्हणण्याचे धाडस होत नाही.

राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने मंजूर केला. बीडीएसच्या अंतिम वर्षाची देशभर एकच परीक्षा घेऊन तिच्याच आधारे व्यवसायाचा परवाना आणि एमडीएसचा प्रवेश द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. ती पूर्णपणे अमलात आली, की इंटर्नशिपचे वर्ष शिकवणीवर्गात न जाता रुग्णांसोबत जाईल, अशी अपेक्षा आहे. प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या उमेदवाराला तोवर शाखा, महाविद्यालयाच्या ओपीडीतील रोजची रुग्णसंख्या, विद्यावेतनाची खरी रक्कम आणि महिन्याचा हप्ता या चार गोष्टी स्वतःच विचारून घ्याव्या लागतील. पहिल्या तीन गोष्टी त्या महाविद्यालयातील सध्याचे एमडीएसचे विद्यार्थी दुपारच्या चहाच्या वेळी सांगतात. चौथी कोणत्याही बँकेच्या शाखेत पाच मिनिटांत कळते.